दात्यांपाशी एक ठिपका

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीकडे जाताना रस्त्याच्या कडेला भंगाराचे ढीग लागतात. सळई होण्याआधीचा लोखंडाचा हा शेवटचा मुक्काम. इथून ते भट्टीत जातं आणि बांधकामाची सळई होऊन बाहेर पडतं. गंजके पत्रे, नांगराचे फाळ, पंपाच्या फुटक्या बॉड्या, वाकलेले एक्सल. अशाच एका ढिगावर परवा तीन आऱ्यांचं एक छोटं स्टेअरिंग उपडं पडलेलं दिसलं. कड्यावरचा काळा फोम उन्हानं मऊ होऊन चिकट झालेला. उपडं असल्यामुळे त्याची पाठ दिसत होती, आणि त्या पाठीला जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या मूळ स्टेअरिंगचा हब, म्हणजे मधला दातेरी भाग, वेल्डिंग करून जोडलेला होता. मूळ आऱ्या जिथे गॅस कटरनं कापल्या तिथले ओबडधोबड खुंट तसेच होते. वेल्डिंगच्या रेघेला अर्ध्याहून जास्त चीर गेलेली. आणि आतल्या दात्यांशेजारी, गंजाखालून जेमतेम ओळखू येणारा, पंच या टोकदार हत्यारानं मारलेला एक बारीक ठिपका.

चीर पाहून अंगावर काटा आला. मनात रुतून बसला तो मात्र ठिपका.

छोटं स्टेअरिंग बसवायची हौस कुणाला का वाटते, हे जुनी गाडी चालवणाऱ्याला सांगावं लागत नाही. आपल्याकडे पद्मिनी तालुक्याच्या डॉक्टरांकडे असायची, वकिलांकडे असायची, जिनिंगवाल्यांकडे असायची. आता ती त्यांच्या मुला-नातवांच्या हाती आली आहे. त्यांचे हात नव्या गाड्यांच्या जाड, मऊ, लहान स्टेअरिंगला सरावलेले. जुन्या गाडीत बसलं की समोर ते भलं मोठं, पातळ, गुळगुळीत कडं येतं. मे महिन्यात गाडी तासभर उन्हात राहिली की त्याला हात लावायची सोय नाही, वर ओला पंचा टाकून ठेवायचा. घामेजल्या तळहातातून ते निसटतं. मांड्या आणि कडं यांच्यात अंतर कमी असल्यामुळे चांगल्या उंचीच्या माणसाला ब्रेकवर पाय नेताना गुडघा घासतो. या तक्रारी खऱ्या आहेत. बाजारात तीन आऱ्यांचं, चामडं मढवलेलं सुंदर स्टेअरिंग मिळत असताना ते घ्यावंसं वाटणं अगदी साहजिक आहे. मूळचं बदलूच नये असा आग्रह धरणाऱ्यांशी माझं जमत नाही. गाडी चालली पाहिजे, आणि चालवणाऱ्याला त्या कड्याशी मैत्री वाटली पाहिजे. फक्त बदल असा हवा की उद्या मूळचं परत बसवायचं म्हटलं तर अर्ध्या तासात बसेल.

आधी आकाराचा हिशोब. समजा मूळ स्टेअरिंग ४०० मिलिमीटर व्यासाचं आहे आणि नवं ३५० चं. त्रिज्या २०० वरून १७५ वर आली. तेवढंच वळण देण्यासाठी कड्यावर लागणारा जोर त्याच प्रमाणात वाढतो, म्हणजे सुमारे १४ टक्के. हायवेवर हा फरक जाणवतही नाही. जाणवतो तो छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीच्या गर्दीत, जागच्या जागी चाकं वळवताना. ३३० चं घेतलं तर वाढ २१ टक्क्यांवर जाते, आणि पॉवर स्टेअरिंग नसलेल्या गाडीत ती खांद्यांना कळते. पद्मिनी-अ‍ॅम्बेसेडरला ३८० च्या खाली जाण्याआधी चार वेळा विचार करावा असं माझं मत आहे. जीपला तर अजिबात लहान करू नये. खडबडीत रस्त्यावर पुढच्या चाकाला दगड लागला की स्टेअरिंग हातातून झटका मारतं, आणि तो झटका आवरायला मोठीच त्रिज्या लागते. काळीपिवळी जीपवर आयुष्य काढलेले ड्रायव्हर अंगठा कड्याच्या आत अडकवत नाहीत, वर ठेवतात, ते याच झटक्यामुळे. कडं उलटं फिरलं तर आरी अंगठ्यावर येते.

लहान स्टेअरिंगची आणखी एक फसवणूक आहे, आणि ती जोरापेक्षा वाईट. जुन्या गाडीत थोडा खेळ असतोच. स्टेअरिंग हलतं पण चाकं हलत नाहीत. समजा हा खेळ १० अंशांचा आहे. ४०० च्या कड्यावर तो सुमारे ३५ मिलिमीटर दिसतो, ३५० च्या कड्यावर साडेतीस. खेळ तेवढाच, पण हाताला वाटतं की गाडी घट्ट झाली. नवं स्टेअरिंग बसवल्यावर ‘गाडी एकदम टाइट झाली’ असं सांगणाऱ्या कित्येकांच्या गाडीत बॉक्स (स्टेअरिंगचं फिरणं चाकांकडे नेणारी गिअरची पेटी), टाय रॉडचे (चाकं वळवणाऱ्या दांड्यांचे) बॉल जॉइंट, किंगपिनचे (चाक जिच्याभोवती वळतं त्या खिळीचे) बुश सगळं होतं तसंच झिजलेलं असतं. म्हणून स्टेअरिंग विकत घेण्याआधी एक दिवस गाडीच्या पोटाखाली द्यावा. एकानं स्टेअरिंग डावी-उजवीकडे दोन-दोन इंच हलवायचं, दुसऱ्यानं खाली झोपून एकेका सांध्यावर बोट ठेवायचं. जिथे एक बाजू हलते आणि दुसरी उशिरा हलते, तिथे खेळ आहे. मग जॅक लावून चाक वर-खाली धरून हलवायचं आणि किंगपिन पाहायची. प्रत्येक निपलमध्ये जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरायचं. आपल्याकडची काळ्या मातीची बारीक धूळ ग्रीसमध्ये कालवली की तिचा सरस बनतो आणि किंगपिन जड होते. स्टेअरिंग बॉक्समध्ये तेल आहे का ते बघायचं. ते बहुतेक वेळा नसतं, कारण ते कुणी वर्षानुवर्षं बघितलेलं नसतं. टायरची हवा भरायची. एवढं झालं की अर्ध्या लोकांना मूळ स्टेअरिंगच आवडायला लागतं.

उरलेल्या अर्ध्यांसाठी पुढचं.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची, नाहीतर हॉर्नचं बटण उचकटताना तार कुठे टेकली की गल्ली जागी होते. बटणाखाली स्प्रिंग, फायबरचा वॉशर, तांब्याची पट्टी असं जे काही निघेल ते निघालेल्या क्रमानंच एका फडक्यावर मांडून ठेवायचं आणि मोबाइलवर फोटो काढायचा. मधला नट दिसला की त्यावर गंज सोडवणारं तेल सोडायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी नट सैल करायचा, पण पूर्ण काढायचा नाही. शेवटच्या दोन-तीन आट्यांवर राहू द्यायचा. वर्षानुवर्षं घट्ट बसलेला हब सुटतो तेव्हा सावकाश सुटत नाही. ओढणाऱ्याच्या जबड्यावर येऊन आदळतो. नट तिथे असला तर तो हबला अडवतो.

आता पुलर, म्हणजे शाफ्टवरून (स्टेअरिंगच्या दांड्यावरून) हब ओढून काढणारं हत्यार. हबला आटे पाडलेली दोन भोकं असतील तर त्यात बोल्ट घालून चालणारा पुलर घ्यायचा. नसतील तर पंजाचा पुलर, पण त्याचे पंजे हबच्या लोखंडी भागामागे अडकले पाहिजेत, आऱ्यांमागे नाही. पुलरचा बोल्ट आवळून ताण द्यायचा आणि हात मागे घ्यायचे. पाच मिनिटं थांबायचं. मग पाव फेरा, पुन्हा थांबायचं. कधीतरी एक कोरडा, बारीक ‘कट्’ असा आवाज येतो आणि जखडलेलं स्टेअरिंग केसभर वर उचललं जातं. पुलर नाही म्हणून शाफ्टच्या टोकावर हातोडा मारायची पद्धत अनेक गॅरेजांत आहे. तिनं तीन नुकसानं होतात. टोक चेपून आटे बिघडतात आणि नट पुन्हा नीट बसत नाही. धक्का शाफ्टमधून सरळ खाली बॉक्सच्या बेअरिंगवर जातो आणि त्याच्या वाट्यांना गोळ्यांचे खळगे पडतात. नंतर स्टेअरिंग फिरवताना बारीक खडखड लागते आणि ती का लागते हे कुणालाच सांगता येत नाही. आणि स्टेअरिंगच्याच खांबावर गिअरचा दांडा असेल तर त्याची जुळणी हलते.

आणि हब वर येण्याआधी, नट सैल केल्यावर लगेच, एक काम करायचं असतं. सेंटर पंच घ्यायचा, शाफ्टच्या टोकावर एक बारीक ठिपका मारायचा आणि त्याच्यासमोर हबवर दुसरा. दोन ठिपके समोरासमोर. खडूची रेघ पुसली जाते, मार्कर तेलात विरघळतो, पंचचा ठिपका राहतो. मूळ स्टेअरिंग वीस वर्षांनी परत आलं तरी हे दोन ठिपके समोरासमोर धरले की ते पूर्वीच्याच दात्यात बसतं.

दाता चुकला तर काय होतं? शाफ्टवर ३६ दाते असतील तर एक दाता म्हणजे १० अंश. गाडी सरळ चाललेली आणि आऱ्या वाकड्या. मग कुणीतरी म्हणतं, ‘टाय रॉडनं घेऊ की सरळ, कशाला परत खोलायचं?’ इथेच खरी चूक होते. पद्मिनीसारख्या वर्मवाल्या बॉक्समध्ये किंवा जीपच्या कॅम-लिव्हरवाल्या बॉक्समध्ये मधोमध एक जागा अशी असते जिथे दोन भाग सगळ्यांत घट्ट भिडतात. कडेला मुद्दाम थोडी मोकळीक दिलेली असते. गाडी सरळ धावताना बॉक्स त्या मधल्या घट्ट जागेवर हवा, म्हणजे सरळ रस्त्यावर खेळ लागत नाही. एकाच बाजूचा टाय रॉड फिरवून आऱ्या सरळ केल्या की सरळ धावताना बॉक्स त्या जागेपासून सरकलेला राहतो. गाडी जालना रोडवर सरळ रेषेत धरली तरी सैल लागते, आणि मिस्त्री मग वरचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू आवळतो. त्यानं मधली जागा अति घट्ट होते, वळणावरून स्टेअरिंग आपोआप परत येत नाही आणि बॉक्स झिजायला लागतो. एका दात्याच्या आळसातून हे सगळं. म्हणून आधी स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण फिरवून फेरे मोजायचे, त्याच्या बरोबर अर्ध्यावर यायचं, ती बॉक्सची मधली जागा. पुढची चाकं त्या जागेला सरळ नसतील तर दोन्ही बाजूंचे टाय रॉड सारख्याच आट्यांनी, एकाला आत आणि दुसऱ्याला बाहेर, असे फिरवायचे, म्हणजे टो-इन, पुढच्या चाकांचा आतल्या बाजूचा कल, बिघडत नाही. स्टेअरिंग सगळ्यात शेवटी, दात्यावर बसवायचं.

नवं स्टेअरिंग शाफ्टवर थेट बसत नाही. मध्ये बॉस लागतो: एका बाजूला गाडीच्या शाफ्टचे दाते, दुसऱ्या बाजूला स्टेअरिंगची सहा भोकं. या भोकांच्याही दोन जाती आहेत. मोमो आणि स्पार्कोची सहा भोकं ७० मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात, नार्डीची ७४ च्या. दिसायला सारखीच, म्हणून लोक कानस घेऊन भोकं लांबट करतात. असं करू नये. बोल्टला भोकाची भिंत लागली नाही तर सगळा भार नुसत्या घर्षणावर राहतो आणि रोजच्या हिसक्यांनी बोल्ट सैल होतात. दोन्ही वर्तुळांची भोकं असलेला बॉस घ्यावा. बोल्ट एम ५ चे, नाजूक असतात. अ‍ॅल्युमिनियमच्या बॉसमध्ये त्यांचे आटे निदान आठ मिलिमीटर आत गेले पाहिजेत. समोरासमोरचे एकेक करत, छोट्या अ‍ॅलन कीनं, मनगटाच्या जोरावर आवळायचे. लांब दांडा लावला की आटे निघून येतात.

परदेशी गाड्यांचे बॉस तयार मिळतात. आपल्या पद्मिनीचा, जुन्या जीपचा नेमका दात्यांचा बॉस बाजारात सहज मिळेलच असं नाही, आणि गॅस कटर इथेच हातात येतो. मूळ स्टेअरिंगचा हब कापायचा, नव्या स्टेअरिंगला वेल्ड करायचा, दोन तासांत काम फत्ते. काही हब जस्त किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात, त्यांना साधं वेल्डिंग धरतच नाही. पोलादी असले तर वेल्डिंगच्या रेघेशेजारचा पट्टा पटकन थंड होऊन कडक आणि ठिसूळ बनतो. दाते उष्णतेनं वाकतात, शाफ्टवर नीट बसत नाहीत. स्टेअरिंग फिरताना थोडं डगमगतं. प्रत्येक वळणाला ती रेघ पिळली जाते, आणि एक दिवस चीर सुरू होते. वरून बटण आणि झाकण असल्यामुळे ती चालवणाऱ्याला दिसत नाही. ढिगावरच्या त्या स्टेअरिंगची चीर रस्त्यावर असताना कितीपर्यंत गेली होती कोण जाणे.

मराठवाड्यात तर या वेल्डिंगची गरजच नाही. वाळूज आणि चिकलठाण्याला गाड्यांचे सुटे भाग बनवणारी इतकी वर्कशॉपं आहेत की शाफ्टच्या टोकाचं नीट माप नेलं तर पोलादाच्या एका गोळ्यातून बॉस बनतो. बाहेरचा आकार लेथवर आणि आतले दाते विजेच्या तारेनं धातू कापणाऱ्या वायर-कट मशीनवर. फक्त माप व्हर्नियरनं डोळ्यांनी घेऊन देऊ नये. दात्यांची संख्या मोजून, बाहेरचा आणि बुडाचा व्यास मायक्रोमीटरनं घेऊन, शाफ्टचं टोक निमुळतं आहे का ते दोन ठिकाणी मापून द्यावं. शक्य असेल तर त्याच मॉडेलचं एखादं मोडकं स्टेअरिंग नमुना म्हणून न्यावं. बनलेला बॉस हातानं शाफ्टवर सरकवून पाहायचा: न अडता बसला पाहिजे आणि बसल्यावर फिरवून पाहिलं तर टिकटिक नको. बॉसची उंचीही तेव्हाच ठरवावी. पाठ सीटला टेकवून हात लांब केला की मनगट कड्याच्या वरच्या टोकावर यावं. तळवा आला तर स्टेअरिंग लांब आहे, कोपराजवळचा हात आला तर छातीच्या फार जवळ. जुन्या गाड्यांचा खांब धडकेत दुमडत नाही, म्हणून छातीजवळ आणलेलं स्टेअरिंग नकोच.

बसवल्यावर एकामागून एक लहान गोष्टी डोकं वर काढतात. वळण घेतलं तरी इंडिकेटर आपोआप बंद होत नाही: मूळ हबच्या पाठीवर एक छोटा उंचवटा असतो, तो इंडिकेटरच्या खटक्याला परत ढकलतो, आणि नव्या बॉसला तो दिलेलाच नसतो किंवा भलत्या कोनात दिलेला असतो. हॉर्न वाजत नाही, किंवा डावीकडे वळताना आपोआप वाजतो: बॉसवरचा रंग अर्थिंग अडवतो, किंवा मागची पितळी कडी आणि तिच्यावर टेकणारी स्प्रिंगची पट्टी यांच्यातलं अंतर बदललेलं असतं. लहान कड्याचा वरचा भाग नेमका स्पीडोमीटरवर येतो. खांबावरच्या गिअरच्या दांड्याचं टोक आता कड्याच्या बाहेर राहतं, आणि घाईत गिअर टाकताना मूठ दोघांच्या मध्ये सापडते. हे सगळं अंगणात, गाडी उभी असताना, चारही गिअर आणि दोन्ही टोकांची वळणं करून पाहायचं. मग मोकळ्या मैदानात. मग ५०-१०० किलोमीटर चालवून नट आणि सहा बोल्ट पुन्हा तपासायचे.

पण मूळ स्टेअरिंग बदलायचं कारण फक्त त्याच्या चिरा असतील, तर ते काढून ठेवण्याआधी एक संधी द्यावी. आतलं पोलादी कडं आणि वरचं प्लास्टिक उन्हात सारखं वाढत नाहीत. प्लास्टिक कित्येक पट जास्त वाढतं आणि म्हातारपणी आकसतं. पारा ४२ वर जाणाऱ्या आपल्या उन्हाळ्यात बंद गाडीच्या काचेमागे हे रोज होतं, म्हणून आऱ्या जिथे कड्याला मिळतात तिथे आधी तडकतं. चीर नुसती भरली तर पुन्हा उघडते. हॅक्सॉ ब्लेडनं ती इंग्रजी व्हीसारखी, खालच्या लोखंडापर्यंत रुंद करायची. आतला गंज खरवडून काढायचा, थिनरनं पुसायचं. एम-सील नीट मळून, रंग एकसारखा झाल्यावर दाबून भरायचं, जरा वर उरू द्यायचं. पूर्ण २४ तास हात लावायचा नाही. मग १२० चा पॉलिश पेपर, २२०, ४००, शेवटी ६०० चा पाण्यासोबत. प्रायमर आणि दोन घटकांचा रंग. डोळे मिटून कड्यावरून बोट फिरवायचं. चीर कुठे होती हे बोटाला सापडलं तर पुन्हा ४०० चा पेपर घ्यायचा. पातळ कडंच आवडत नसेल तर सीट कव्हर शिवणारे कारागीर त्यावर चामडं शिवून देतात. ४०० च्या स्टेअरिंगचा घेर १२५७ मिलिमीटर असतो, पट्टी १२४० च्या आसपास कापायची म्हणजे ती ताणून बसते आणि घामानं सरकत नाही.

आणि बदललंच, तर मूळचं माळ्यावर उभं फेकू नये. कापडात गुंडाळून आडवं ठेवावं. नट, स्प्रिंग, फायबर वॉशर, हॉर्नचं बटण एका पिशवीत घालून ती पिशवी आरीलाच बांधावी, चिठ्ठीवर गाडीचा नंबर लिहावा. ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून नोंदणी देण्याचे नियम २०२१ मध्ये आले. त्यात चॅसी, बॉडी आणि इंजिनातले बदल पाहिले जातात, स्टेअरिंगचा उल्लेख नाही. पण १९७४ मध्ये पद्मिनी नाव मिळालेल्या त्या पहिल्या गाड्या आत्ता कुठे त्या वयात आल्या आहेत, आणि त्यांची मूळ स्टेअरिंग आता कुणी बनवत नाही.

ढिगावरच्या त्या हबवरचा ठिपका ज्यानं मारला, त्यानं स्टेअरिंग नीट काढलं होतं. पुलर लावून काढलं असणार, कारण दाते सरळ होते आणि मधल्या भोकाची कडा कुठे चेपलेली नव्हती. ते परत कसं बसेल याचा त्यानं विचार केला होता. गॅस कटर नंतर, दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात आला. हब आता भट्टीत गेलाही असेल. ती गाडी कुठे असेल तर तिच्या शाफ्टच्या टोकावर, नटाखाली, जोडीचा दुसरा ठिपका अजून असेल.